चांगलं पाणी ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर सांगायचं कुणाला?

डोहाकाठी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एका सार्वजनिक नदीचा साधारण दीड किलोमीटरचा पट्टा मी तीन हंगाम गळाच्या मासेमारीसाठी धरून आहे. कुठला ते विचारू नका. वरच्या अंगाला खळाळ, मग वाकण, वाकणाच्या बाहेरच्या कडेला खोल डोह, काठावर मुळं उघडी पडलेली झाडं. मासा मिळतो, चांगल्या अंगाचा मिळतो. मी बहुतेक सोडून देतो. गेल्या हंगामात वाकणावर एकूण दोन अनोळखी माणसं भेटली होती, या हंगामात मोजून अकरा. त्यातल्या एकाने सांगितलं, कुठल्याशा ग्रुपवर फोटो फिरतोय आणि त्यात मागचं वाकडं झाड स्पष्ट दिसतं. त्याने फोटो दाखवला. माझाच होता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मागच्या आठवड्यात वरच्या अंगाला काठावर लाल रंग फासलेले खुंट ठोकलेले दिसले. कशाचे ते माहीत नाही.

तर प्रश्न दोन. हे पाणी खरंच चांगलं आहे की मला तिथे चार मासे मिळाले म्हणून मी प्रेमात पडलोय, हे कसं ठरवायचं? आणि चांगलं असेल तर ते वाचवायला कुणाला तरी सांगावं लागणार. सांगितलं की गर्दी, गप्प बसलो की खुंट. काय करावं?

खंड्या:
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

गोट्या_गळवाला:
गप्प बसावं. आणि फोटो काढणं बंद करावं. धागा संपला.

पाणकावळा:
गोट्याशेठ, खुंट वाचले का?

डोहाकाठी, आधी पहिल्या प्रश्नाचं. वही आहे का तुमच्याकडे? नसेल तर आजपासून घाला. किती मासे मिळाले हे सगळेच लिहितात, गळ किती तास पाण्यात होता हे कुणी लिहीत नाही. दोन तासांत चार आणि दहा तासांत चार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मत्स्यशास्त्रातही पहिला हिशेब हाच असतो, मेहनतीच्या एककाला मिळकत किती. आणि रिकाम्या हाताने परत आलात तो दिवस आधी लिहा. माणूस नेमका तोच विसरतो, म्हणून प्रत्येकाची आठवणीतली नदी खऱ्या नदीपेक्षा चांगली असते. माझी तर नक्कीच आहे.

मग मापं. सोडण्याआधी लांबी नोंदवायची, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. लहान, मधली, मोठी अशी सगळी मापं मिळत असतील तर तिथे वीण होतेय आणि पिल्लं जगतायत. सगळे मासे एकाच मापाचे असतील तर बहुधा कुणीतरी आणून सोडलेत. आणि नुसतेच मोठे मिळत असतील तर खूश होऊ नका, काळजी करा. तरणी पोरं नसलेल्या गावासारखं असतं ते. काही वर्षं सगळं छान दिसतं आणि एक दिवस कुणीच नसतं.

डोहाकाठी:
बापरे. या हंगामात मला लहान मासा मिळाल्याचं आठवत नाही. गळ मोठा वापरतो म्हणून असेल का?

पाणकावळा:
असू शकतं. मोठ्या गळाला मोठंच तोंड लागणार. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलरॉइड चष्मा लावून उथळ कडेला, गवताच्या मुळांशी दहा मिनिटं नुसते उभे राहा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. पिल्लं असतील तर दिसतील.

मीनाक्षी:
पाणी तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मासा फिरतो, तो आज इथे दिसला म्हणजे इथलाच असं नाही. दगडाखालचे किडे फिरून फिरून किती फिरणार? त्यांचा मुक्काम महिनोन्महिने तिथेच, काहींचा तर वर्षभर. मधल्या काळात पाण्यात जे काही येऊन गेलं त्याची हजेरी त्यांच्या अंगावर लागलेली असते. बाटलीतला नमुना फक्त त्या मिनिटाचं सांगतो.

खळाळात गुडघाभर पाण्यात जायचं, वीतभर दगड अलगद उचलायचा आणि उलटा धरायचा. आधी तो नुसता ओला दगड दिसतो. थांबायचं. दहाएक सेकंदांनी दगडाचाच एखादा तुकडा चालायला लागतो. चपटं अंग, मागे बहुतेक तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले थरथरताना दिसले की ती मेफ्लायची अळी. दोनच शेपट्या, पोटाच्या कडेला कल्ले नाहीत आणि प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय. आणि दगडाला वाळूचे कण चिकटवून केलेली नळी दिसली, तिच्यातून काळसर डोकं बाहेर येऊन परत आत गेलं, तर कॅडिस. या तिघांना प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून जगभर नदीची तब्येत या तीन गटांच्या मोजणीवरून जोखतात. उलट गाळात नुसत्या तांबड्या लाल अळ्याच सापडल्या तर सावध व्हा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, कमी प्राणवायूतही त्यांचं भागतं.

दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. हे विसरणाऱ्या स्वयंसेवकांवर मी ओरडते.

एक इशारा. स्टोनफ्लायला थंड, वाहतं पाणी आवडतं. संथ, कोमट नदीत ती मुळातच कमी असते, म्हणून ती दिसली नाही की नदी बाद असं करू नका. त्याच खोऱ्यातल्या, तशाच उताराच्या दुसऱ्या ओढ्याशी ताडून बघा.

आता प्राणवायू. थंड पाण्यात तो जास्त मावतो. शून्य अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, ३० अंशांना ७.५. दिवसा पाणवनस्पती तो तयार करतात, रात्री स्वतःच वापरतात, म्हणून तळ गाठला जातो सूर्योदयाच्या थोडं आधी. दुपारी बारा वाजता मीटर बुडवून 'उत्तम' लिहिणारे अहवाल मी ढिगाने पाहिलेत. मासे मरतात पहाटे. ५ च्या वर असेल तर कोमट पाण्यातल्या बहुतेक माशांचं निभतं, थंड पाण्यातल्या ट्राउटसारख्या माशांना त्याहून जास्त हवा.

खंड्या:
मीनाक्षीताई, दंडवत. दगडाचा तुकडा चालायला लागतो हे अगदी अगदी.

तळ्यातमळ्यात:
आम्ही तळ्यावर बसणारी माणसं, आमचं काय? आमच्याकडे खळाळ नाही. मी काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडतो, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचतो. इटलीच्या अँजेलो सेक्की नावाच्या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही युक्ती काढली, अजून तीच चालते. तळ्यासाठी २० सेंटिमीटरची तबकडी पुरते. दर हंगामात तबकडी लवकर दिसेनाशी व्हायला लागली की समजायचं, गाळ तरी येतोय नाहीतर खत येऊन शेवाळ वाढतंय.

मीनाक्षी:
सहमत, पण नितळ म्हणजे चांगलं असं समीकरण नको. आम्लवर्षेने स्कँडिनेव्हियातली कितीतरी तळी आरशासारखी नितळ झाली होती. आत मासाच उरला नव्हता.

बंड्या०७:
एवढा खटाटोप कशाला? मासे कमी झाले तर बोटुकली आणून सोडा. गाडीभर सोडली की दोन वर्षांत सगळ्यांना मासे. गर्दीचा प्रश्नही सुटला.

जुनाजाणता:
बंड्या, हे मीही एकेकाळी असंच बोलायचो, म्हणून रागावत नाही.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅडिसन नदीत वर्षानुवर्षं हॅचरीतले, म्हणजे उबवणी केंद्रातले ट्राउट सोडत. डिक व्हिन्सेंट नावाच्या तिथल्या जीवशास्त्रज्ञाला शंका आली. एका पट्ट्यात सोडणं थांबवलं, आणि शेजारच्या ओडेल क्रीकमध्ये, जिथे सोडत नव्हते तिथे मुद्दाम सोडून पाहिलं. थांबवलं तिथे रानटी ट्राउट वाढले. सोडले तिथे घटले. लोकांनी त्याच्यावर बरीच आगपाखड केली, कारण हॅचरी म्हणजे लोकांना दिसणारं काम. पण १९७४ पासून त्या राज्याने, जिथे ट्राउट आपले आपण टिकतात त्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं. आज जग जिथे गळ टाकायला जातं त्या नद्या या.

आपल्याकडचं बघ. कावेरीतला कुबडाचा महसीर मासा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. त्याच्या नदीत बाहेरचा निळ्या पराचा महसीर उबवणीतून आणून सोडला गेला, तोही संवर्धन म्हणून. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं हे होतंच, त्यात हा पाहुणा घरमालक झाला. मूळ माशाला धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. ते २०१८ मध्ये निश्चित झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव आणि धोक्याची पाटी एकदमच.

मासे सोडणं हे आजाऱ्याला रंग लावण्यासारखं. गाळ, उष्णता, अडथळा यातलं काय बिघडलंय ते आधी शोधावं.

बंड्या०७:
मॅडिसनचं माहीत नव्हतं. शब्द मागे.

गोट्या_गळवाला:
बंड्याने शब्द मागे घेतला, तारीख लिहून ठेवा. पण माझा मुद्दा तिथेच आहे. नदीला बिल्ला लावला की ती मेली. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये उत्तम ट्राउट नद्यांना 'ब्लू रिबन' म्हणून जाहीर करतात. रानटी मासा हवा, पाणी उत्तम हवं, किड्यांची विविधता हवी, चालत उतरता येईल इतकं उथळ आणि तरी गळ फेकायला जागा. इथवर ठीक. पण एक निकष असा की नदीने आधीच नाव कमावलेलं असावं! म्हणजे ज्या नदीवर गर्दी आहे तिलाच बिल्ला, आणि बिल्ल्याने आणखी गर्दी.

जुनाजाणता:
निकष बरोबर सांगितलास. पण तिथली ओ साबल नदी बघ. १९५९ मध्ये तिच्याच काठावर काही गळवाले जमले आणि त्यातून ट्राउट अनलिमिटेड ही संघटना निघाली. नाव असलेल्या नदीसाठी माणसं जमतात. निनावी नदीसाठी कोण जमणार? तू एकटा. आणि तू गप्प.

गोट्या_गळवाला:
मी एकटा पुरेसा आहे. हलके घ्या.

कज्जेदलाल:
नाही पुरेसे, आणि का ते सांगतो. इंग्लंडमध्ये १९४८ साली जॉन ईस्टवुड नावाच्या बॅरिस्टरने गळवाल्यांची एक संघटना काढली. उद्योग एकच, नदी घाण करणाऱ्याला कोर्टात खेचणं. पुढे डर्वेंट नदीवर 'प्राइड ऑफ डर्बी' हा गळवाल्यांचा क्लब एकाच वेळी मोठा कारखाना, शहराची महापालिका आणि वीज प्राधिकरण यांच्याविरुद्ध उभा राहिला. गरम पाणी, रासायनिक सांडपाणी आणि मैलापाणी असा सगळा त्रिवेणी संगम होता. क्लब जिंकला, कोर्टाने मनाईहुकूम दिला.

आता त्यातली मेख. त्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क क्लबची खासगी मालमत्ता होती, म्हणून 'आमचं नुकसान झालं' असं म्हणणारा फिर्यादी तयार होता. सार्वजनिक पाण्याला तो आयता मिळत नाही. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. हे भोक बुजवायला विश्वस्ततेचं तत्त्व आहे, म्हणजे नदी-तलाव सरकारच्या मालकीचे नाहीत, सरकार फक्त जनतेच्या वतीने विश्वस्त. अमेरिकेत १८९२ चा शिकागोच्या सरोवरकाठाचा निकाल त्यासाठी दाखवतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या बियास नदीच्या खटल्यात ते तत्त्व स्वीकारलं.

तत्त्व छान आहे, पण कोणताही अधिकारी किंवा न्यायाधीश पहिला प्रश्न एकच विचारतो: आधी कसं होतं? तिथे 'साहेब, फार मासे असायचे हो' चालत नाही. तारीख, वेळ, तापमान, मोजणी लागते. पाणकावळ्यांची वही आणि मीनाक्षीताईंचे किडे म्हणजे तुमची कागदपत्रं. खुंट पडायच्या आधीची तारीख असलेली वही सोन्याची. नंतरची वही म्हणजे रडगाणं.

आणखी एक. प्रमाणापेक्षा स्वच्छ असलेल्या पाण्याला कार्यालयात 'अजून वाव आहे' असं समजतात, म्हणजे थोडं घाण केलं तरी मर्यादेतच राहील म्हणे. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्याखालच्या नियमांत याला उत्तर आहे. सगळ्यात उत्तम पाण्यांना वेगळा दर्जा देऊन त्यांची प्रत कायमची खाली आणायचीच नाही. पण तो दर्जा मागायलाही पुरावा लागतो आणि पाण्याचं नाव लागतं.

पाणकावळा:
म्हणजे गुपित पाण्याला साक्षीदार नसतो.

गोट्या_गळवाला:
बरं बाबांनो. पण सांगायचं म्हणजे ग्रुपवर टाकायचं नव्हे ना?

पाणकावळा:
नव्हेच. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. कार्यालयाला अक्षांश-रेखांशासकट सगळं द्या. जगाला काही देऊ नका. फोटोत मासा आणि हात, मागचं झाड नको, पूल नको, डोंगराची ओळ तर अजिबात नको. फोनमधून लोकेशन काढून टाका. टाकायचाच तर हंगाम संपल्यावर टाका.

डोहाकाठी:
फोटोतून वाकडं झाड काढलंय. मूळ फोटो उडवला, पण फिरणारे कसे परत आणू?

पाणकावळा:
नाही येणार. त्या अकरा जणांनाच कामाला लावा. वाकणावर भेटले की वही दाखवा. त्यातले दोघं तरी मोजायला लागतील.

मीनाक्षी:
आणि त्यांना बूट वाळवायला सांगा. गंमत नाही करत. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ओल्या लोकरीसारखा थर दगडांवर चढतो आणि मी वर लिहिलेल्या किड्यांचं घरच बुजतं. त्याची एक पेशी ओल्या बुटातून दुसऱ्या नदीत जायला पुरते, म्हणून २००८ मध्ये तिथे फेल्टच्या, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या तळव्याच्या बुटांवर बंदी आली. नदी बदलताना सामान तपासा, धुवा, पूर्ण वाळवा. जाळीसुद्धा.

तळ्यातमळ्यात:
अवांतर: गळाच्या दोरीला लावायच्या शिशाच्या वजनांचं काय? मी अजून वापरतो.

खंड्या:
सोडा ती. हंस खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून छोट्या शिशांच्या विक्रीवर बंदी आहे. टंगस्टन महाग पडतं, पण लहान येतं आणि तळ चांगला कळतो.

माझा राहिलेला प्रतिसाद: मासा सोडून देणाऱ्यांनी तापमापक बाळगावा. गरम पाण्यात दमवलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि पुढच्या वाकणावर उलटा होतो, ते आपल्याला कळतही नाही. मोंटानात नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास २३ सेल्सिअसला पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्र ट्राउटची मासेमारी बंद करतात. हा आकडा ट्राउटचा आहे, आपल्या माशाचा वेगळा असेल. पण उन्हाळ्यात दुपारी गळ गुंडाळायला कुणाच्या हुकुमाची गरज नसावी.

डोहाकाठी:
तीन आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल क्षमस्व.

पहाटे साडेपाचला प्राणवायू ६.८, पाणी २१ अंश. त्याच दिवशी दुपारी अडीचला ८.९, पाणी २४ अंश. मीटर एका महाविद्यालयातून उसना आणला. दहा दगड उलटले, दहाही परत नीट ठेवले. मेफ्लाय आठ दगडांवर, कॅडिसच्या नळ्या सहांवर, स्टोनफ्लाय एकच, आणि तीही माझ्या अंगठ्यावर चढून गेली. गवताच्या मुळांशी पिल्लं आहेत! बोटाच्या पेराएवढी, शंभर तरी असतील. म्हणजे गळच मोठा होता.

मीनाक्षी:
छान! पण दुपारचं ८.९ म्हणजे २४ अंशांना पाण्यात एरवी मावतं त्याहून थोडं जास्तच आहे. शेवाळ जोरात दिसतंय. वरून कुठून खत किंवा सांडपाणी येतंय का बघा. आज काळजी नाही, पण दर महिन्याला ही जोडी मोजा. पहाट आणि दुपार यातलं अंतर वाढत गेलं तर कळवा.

डोहाकाठी:
बघतो. आणि खुंटांचा उलगडा झाला. वरच्या ओढ्यावरून रस्ता जाणार आहे, त्यासाठी मोरी बांधायची आहे. हरकती द्यायला अजून १९ दिवस आहेत.

बंड्या०७:
मोरी? एवढंच ना. मला वाटलं धरणबिरण.

जुनाजाणता:
एवढंच नाही रे. पाइप टाकून केलेली अरुंद मोरी पाण्याचा जोर वाढवते. तो जोर खालच्या तोंडाशी तळ खणत जातो आणि काही वर्षांत पाइपाचं तोंड हवेत लटकतं. बोटभर माशाला वीतभर उडीसुद्धा भिंत असते. वीण करायला वर जाणारा मासा तिथेच अडतो आणि वरचा सगळा ओढा त्याच्यासाठी गेला. कुणी विष घालत नाही, कुणी जाळं लावत नाही, पिल्लं मात्र दिसेनाशी होतात. आणि दोष खालच्या गळवाल्यांवर येतो.

रस्ता अडवायची गरज नाही. मोरी पात्राइतकी रुंद मागायची, तिचा तळ नदीच्या तळाच्या खाली पुरायचा आणि आतून मूळचे दगडगोटे पसरायचे. मोरीतून चालत गेलं तर नदीतच आहोत असं वाटलं पाहिजे.

कज्जेदलाल:
हरकत एका पानाची ठेवा. वही जोडपत्र म्हणून, प्रत्येक पानावर तारीख. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

जुनाजाणता:
आराखड्यात रुंदी किती लिहिलीय?

डोहाकाठी:
दीड मीटरचा एक पाइप. मी काल टेप लावून मोजलं, ओढ्याचं पात्र काठापासून काठापर्यंत चार मीटर वीस.

जुनाजाणता:
मग पहिल्या ओळीत हे दोन आकडे लिही. पिल्लांचं दुसऱ्या परिच्छेदात.

गोट्या_गळवाला:
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जागा कुणाला सांगणार नाही.